विशेष विभागाचे संपादन : शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकांचे मागणीपत्र

प्रति,
शिक्षणाच्या इतिहासाला वाहिलेल्या संशोधन-नियतकालिकांची संपादक मंडळे आणि प्रकाशक
प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : महाराष्ट्र आणि गोव्यातील विद्यापीठांचे कुलगुरू

विषय : नियतकालिकांतील विशेष विभागांच्या संपादनाची पद्धत, अतिथी संपादकांचे हक्क आणि मराठी साधनांना मिळणारे स्थान

महोदय, महोदया,

आमच्या संघटनेत महाविद्यालयांतले अध्यापक आहेत, पीएच.डी.चे विद्यार्थी आहेत, अभिलेखागारांत आयुष्य घालवलेले कर्मचारी आहेत आणि मोडी वाचणारी मंडळी आहेत. शाळांचा, शिक्षकांचा आणि शिक्षणापासून दूर ठेवल्या गेलेल्यांचा इतिहास हे आम्हा सर्वांचे काम. गेल्या काही वर्षांत आमच्यापैकी अनेकांनी देशी-परदेशी नियतकालिकांसाठी अतिथी संपादक म्हणून विशेष विभाग तयार केले, अनेकांनी त्यांत लिहिले, अनेकांनी परीक्षण केले. त्या अनुभवातून हे मागणीपत्र तयार झाले आहे.

संपूर्ण अंक एका विषयाला दिला की तो विशेषांक होतो. नेहमीच्या अंकात चार-सहा लेख एका सूत्रात गुंफून, त्यांना एक प्रस्तावना जोडली की तो विशेष विभाग. आकाराने तो लहान असतो, पण शिक्षणाच्या इतिहासासारख्या छोट्या ज्ञानशाखेत त्याचे वजन मोठे आहे. एखाद्या प्रश्नावर पुढची दहा वर्षे कोणत्या दिशेने विचार होणार हे बरेचदा अशा एका विभागाने ठरते. म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. शब्दमर्यादा, मुदत, परीक्षकांची निवड, टिपांची पद्धत या गोष्टी कार्यालयीन वाटतात, पण कोणता पुरावा आत येणार आणि कोणता बाहेर राहणार हे त्याच ठरवतात. त्या चाळणीची भोके इंग्रजी कागदाच्या मापाने पाडलेली आहेत. ती बदलावीत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे उदाहरण घेऊ. या विषयावर विशेष विभाग काढायचा म्हटले की एक सरळ रेघ आयती हाताशी असते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले, पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी कायदा झाला. १९२३ साली इलाख्याचा प्राथमिक शिक्षण कायदा आला. आणि अखेर २००९ चा शिक्षणहक्क कायदा. या रेघेवरचा प्रत्येक टप्पा इंग्रजीत छापलेला आहे, लंडनमध्ये बसूनही वाचता येतो. पण सयाजीरावांनी बडोदे संस्थानातल्या अमरेली तालुक्यात १८९३ पासून सक्ती आणली आणि १९०६ साली ती संस्थानभर लागू केली, म्हणजे गोखल्यांच्या विधेयकाच्याही आधी. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा आदेश दिला.

हे हुकूम सर्वांना माहीत आहेत, पाठ्यपुस्तकांतही आहेत. इतिहासाचे काम त्यानंतर सुरू होते. दंड खरोखर वसूल झाला का? कोणाकडून? सुगीच्या दिवसांत हजेरीपटावर काय लिहिले गेले? वेगळी शाळा बंद झाल्यावर तिथल्या मास्तरांचे काय झाले, त्यांना नव्या शाळेत जागा मिळाली का? याची उत्तरे शोधायची तर मोडीतली फडदप्तरे, मराठी-गुजराती अहवाल आणि गावोगावच्या शाळांची कपाटे उघडावी लागतात. तो शोध घेणारा लेख जेव्हा विशेष विभागासाठी येतो, तेव्हा त्याची वाट गोखल्यांच्या भाषणांवर लिहिलेल्या लेखापेक्षा कितीतरी खडतर असते. ही वाट खडतर का होते आणि ती कशी सुधारता येईल, हे पुढे मांडले आहे.

पहिली मागणी परीक्षणाची. ज्या लेखाचा मुख्य पुरावा मराठीत, मोडीत, कोकणीत, उर्दूत किंवा पोर्तुगीजमध्ये आहे, त्याच्या परीक्षकांपैकी निदान एकाला ती भाषा वाचता आली पाहिजे. आज तसे क्वचित होते. दोन्ही परीक्षक लेखाची मांडणी तपासतात, सिद्धान्ताची चर्चा करतात, इंग्रजी संदर्भ सुचवतात, पण कागदपत्राचा अर्थ लेखकाने बरोबर लावला की चुकीचा, हे कोणीच पाहत नाही. यात लेखकाचे नुकसान आहे आणि वाचकाची फसवणूकही. मोडीतला एक शब्द चुकीचा वाचला गेला तर त्यावर उभी असलेली सगळी मांडणी कोसळू शकते, आणि ती चूक छापून झाल्यावर पुढच्या वीस लेखांत उद्धृत होत राहते.

मराठी मुलखाच्या शिक्षणाचा इतिहास एका राजवटीचा नाही, हेही संपादक मंडळांनी लक्षात घ्यावे. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई इलाख्यात, विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, मराठवाडा निजामाच्या हैदराबादेत, गोवा पोर्तुगिजांकडे आणि मध्ये विखुरलेली संस्थाने. मराठवाड्यातल्या शाळेचा अभ्यास करणाऱ्याला उर्दू लागते. गोव्यातल्या खासगी मराठी शाळांवर लिहिणाऱ्याला पोर्तुगीज. असा परीक्षक मिळणे अवघड आहे हे आम्ही जाणतो. म्हणून पर्यायही देतो : भाषा जाणणारा परीक्षक मिळाला नाही तर साधनांची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी. तपासणाऱ्याला लेखातले महत्त्वाचे उतारे आणि मूळ कागदांच्या प्रतिमा द्याव्यात, त्याला मानधन द्यावे आणि त्याची इच्छा असेल तर त्याचे नाव छापावे. हे काम करू शकणारे निवृत्त शिक्षक, अभिलेखपाल, मोडीचे जाणकार पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात, पणजीत आहेत. त्यांच्याकडे पदवी नसेल, पण ज्ञान आहे. अशा तपासनीसांची यादी तयार करून देण्याची जबाबदारी आमची संघटना घेते.

परीक्षणाबाबत आणखी एक गोष्ट. आमच्या सदस्यांना मिळणाऱ्या अहवालांत एक सूचना इतक्या वेळा येते की तिच्याबद्दल बोललेच पाहिजे : लेखाची सुरुवात इंग्लंड किंवा अमेरिकेतल्या समांतर घडामोडींनी करा, नाहीतर वाचकाला महत्त्व कळणार नाही. तुलना आवश्यक असेल तिथे आम्ही ती करूच. पण लँकेशायरमधल्या शाळेवर लिहिणाऱ्याला कोणी साताऱ्याने सुरुवात करायला सांगत नाही. अतिथी संपादकाला अशी सूचना रद्द करण्याचा स्पष्ट अधिकार असावा.

दुसरी मागणी मूळ मजकुराची. उद्धृत केलेला मराठी मजकूर देवनागरीत छापावा आणि तो शब्दमर्यादेत धरू नये. अनेक नियतकालिके टिपांसकट शब्द मोजतात. इंग्रजी साधनांवर लिहिणारा एक उतारा एकदाच देतो. आम्हाला मूळ आणि भाषांतर दोन्ही द्यावे लागते. मर्यादा सांभाळायची म्हणून मग मूळ गळते आणि फक्त लेखकाचे भाषांतर उरते, जे कोणालाच पडताळता येत नाही. संदर्भसूचीतली शीर्षकेही देवनागरीत असावीत, रोमन रूप सोबत असू द्यावे. प्रत्येक लेखाचा सारांश मराठीतही छापावा आणि नियतकालिकाच्या शोधयंत्रणेत तो सापडावा.

हे अशक्य नाही. कॅनडातले हिस्टॉरिकल स्टडीज इन एज्युकेशन १९८९ पासून इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत निघते. शिक्षणाच्या इतिहासकारांची आंतरराष्ट्रीय परिषद १९७९ पासून भरते आणि तिच्या अधिकृत भाषा चार आहेत : इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश. अनेक भाषांत काम करणे या ज्ञानशाखेला नवे नाही. त्यात युरोपबाहेरच्या भाषांसाठीही जागा व्हावी.

एखादा कागद इंग्रजीत असण्याचा किती फरक पडतो, हे महात्मा फुल्यांच्या उदाहरणावरून दिसते. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन इंग्रजीत होते, म्हणून जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला ते वाचता येते आणि वसाहतकालीन शिक्षणावरच्या लेखनात ते हमखास येते. तसे ते यायलाच हवे. पण १८७७ साली सुरू झालेल्या दीनबंधूसारख्या सत्यशोधक पत्रांत शाळांबद्दल, शिक्षकांबद्दल, फीबद्दल जे लिहिले गेले, ते त्याच चर्चेचा भाग असूनही त्यात अभावानेच येते.

तिसरी मागणी वेळेची. आमच्या साधनांपैकी बरीचशी आजही चालू असलेल्या शाळांत आहेत. जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या ताब्यात, कपाटात कुलूपबंद असते. मे महिन्यात शाळा बंद. जूनमध्ये प्रवेशांची गडबड. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा. निवडणूक आली की शिक्षक निवडणुकीच्या कामावर. अशा वेळी परीक्षकाचा शेरा येतो की अमुक नोंद पुन्हा पडताळा, आणि सुधारित लेखासाठी तीन आठवडे दिलेले असतात. ऑनलाइन संग्रहातला कागद पाहणाऱ्याला तीन आठवडे पुरतात. ज्याला गडहिंग्लजच्या शाळेत जाऊन, मुख्याध्यापकांच्या सवडीने, पुन्हा ते रजिस्टर उघडायचे आहे त्याला पुरत नाहीत. मूळ साधनाकडे परत जावे लागणार असेल तर सुधारणेसाठी किमान नव्वद दिवस मिळावेत. एक लेख मागे राहिला तर बाकीचे लेख आधी ऑनलाइन प्रसिद्ध करावेत. मागे राहिलेल्याला विभागातून काढू नये.

चौथी मागणी : लेखी करार. अतिथी संपादक आणि नियतकालिक यांच्यात सुरुवातीलाच करार व्हावा. लेख नाकारण्याचा अंतिम निर्णय कोणाचा, मतभेद झाला तर कोण सोडवणार, विभागात ऐनवेळी लेख घालण्याचा किंवा काढण्याचा अधिकार कोणाला, प्रस्तावनेचे परीक्षण कोण करणार, हे त्यात असावे. आज बहुतेक गोष्टी ईमेलवर आणि गृहीत धरून चालतात. संपादक बदलला की जुने आश्वासन विरते.

पाचवी मागणी पैशांची आहे, आणि ती मांडताना आम्हाला संकोच वाटत नाही. सहा लेखांचा विभाग, प्रत्येकी दोन परीक्षक आणि परीक्षणाच्या दोन फेऱ्या धरल्या तर चोवीस अहवाल होतात. ते मिळवण्यासाठी त्याहून कितीतरी अधिक जणांना पत्रे लिहावी लागतात. लेखांचे आवाहन काढणे, आलेल्या टिपणांतून निवड करणे, नवख्या लेखकाबरोबर बसून मसुदा घडवणे, भाषा सुधारणे, प्रस्तावना लिहिणे हे सगळे त्याशिवाय. हे श्रम विनामूल्य असतात. भारत सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरता सहा हजार कोटी रुपयांची तरतूद केली आहे, त्यातून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी विद्यापीठांना, महाविद्यालयांना आणि संशोधन संस्थांना उपलब्ध होतात. म्हणजे लेख इथल्या पगारावर लिहिला जातो, संपादन इथल्या पगारावर होते आणि वाचण्याचे पैसे पुन्हा इथल्या तिजोरीतून जातात. ज्या व्यापारी प्रकाशकांना ही वर्गणी मिळते त्यांनी विशेष विभागाच्या लेखकांकडून मुक्त प्रवेशाचे शुल्क घेऊ नये आणि मोडी वाचन, भाषांतर व छायाचित्रांच्या परवान्यांसाठी प्रत्येक विभागामागे निधी द्यावा. विद्वत्सभा आपल्या बळावर चालवत असलेल्या छोट्या नियतकालिकांकडून आम्ही पैशांची अपेक्षा करत नाही.

सहावी मागणी शाळांच्या नोंदींविषयी आहे, आणि आमच्या दृष्टीने ती सर्वांत नाजूक. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, धर्म, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असे रकाने असतात. संशोधकासाठी हे मोलाचे साधन आहे : कोणत्या जातीची मुले कोणत्या इयत्तेपर्यंत टिकली, मुली कधी गळल्या, हे त्यातून कळते. पण तो नुसता इतिहासाचा कागद नाही. जातीच्या दाखल्यासाठी, वयाच्या पुराव्यासाठी लोक आजही त्याच पानांपाशी येतात. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने २०२३ पासून कुणबी नोंदी शोधल्या त्या वेळी शाळांची जुनी रजिस्टरे तपासली गेली, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. त्या पानावरच्या मुलाचे नातू त्याच गावात राहतात.

अशा वेळी काही नियतकालिके लेखाबरोबर सगळी मूळ माहिती खुल्या भांडारात ठेवण्याची अट घालतात. पारदर्शकतेमागचा हेतू आम्हाला मान्य आहे. तरीही, नाव आणि जात एकत्र असलेल्या नोंदी इंटरनेटवर टाकायला आमचा विरोध आहे. अशा साधनांना या अटीतून सूट द्यावी. पडताळणीसाठी अतिथी संपादक किंवा साधन-तपासनीस मूळ प्रतिमा पाहील आणि तसे लेखी कळवील. लेखात विद्यार्थ्यांची नावे वगळावीत किंवा बदलावीत. ज्यांचे शिक्षण सार्वजनिक इतिहासाचा भाग आहे अशा व्यक्ती अर्थातच याला अपवाद. आणि ज्या शाळेने कपाट उघडले तिला छापलेल्या लेखाची प्रत, मराठी सारांशासह, मोफत पाठवावी. वन नेशन वन सबस्क्रिप्शनचा लाभ जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेपर्यंत पोहोचत नाही. तिच्याच शाळेवरचा लेख तिला पैसे भरून वाचावा लागू नये.

सातवी मागणी मतभेदाला जागा देण्याची. गांधीजींनी ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनच्या चॅटम हाउसमध्ये म्हटले की भारत पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षा अधिक निरक्षर झाला आहे. सर फिलिप हारटॉग यांनी पुरावा मागितला. त्यांचे पुस्तक १९३९ साली आले. १९४० साली रा. वि. परुळेकरांनी इंग्रजपूर्व साक्षरतेवर लिहून त्याला उत्तर दिले आणि मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची १८२० ते १८३० या काळातली पाहणी १९५१ साली संपादित केली. मद्रासची मन्रोकालीन पाहणी मध्यवर्ती ठेवणारे धर्मपालांचे पुस्तक १९८३ चे. म्हणजे एका विधानावरचा वाद अर्धशतक चालला, आणि परुळेकरांनी तो पुढे नेला तो नुसत्या युक्तिवादाने नाही. त्यांनी जिल्ह्या-जिल्ह्यातून आलेली उत्तरे छापून सर्वांपुढे ठेवली. आम्हाला विशेष विभागाकडून हेच हवे आहे. प्रत्येक विभागात पानभर का होईना, मूळ साधन भाषांतरासह छापावे आणि विभागावरच्या प्रतिवादाला पुढच्या दोन वर्षांत त्याच नियतकालिकात जागा राखावी.

आता विद्यापीठांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतल्या गुणतक्त्यात शोधनिबंधाला, ग्रंथाला, संपादित ग्रंथाला, अगदी लेखाच्या भाषांतरालाही गुण आहेत. नियतकालिकाच्या विशेष विभागाच्या संपादनाला मात्र स्वतंत्र स्थान नाही. त्यामुळे पदोन्नतीची वाट पाहणारा तरुण अध्यापक हे काम टाळतो आणि त्याला दोष देता येत नाही. विद्यापीठांनी आपल्या मूल्यमापनात हे संपादन संपादित ग्रंथाच्या बरोबरीने धरावे, परीक्षणाच्या कामाची नोंद घ्यावी आणि संपादनाच्या काळात तासिकांत सवलत द्यावी. आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी बंद केल्यानंतर नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवरच आली आहे. ती पारख करताना मराठीत परीक्षणपूर्वक निघणाऱ्या नियतकालिकांचे विशेष विभाग इंग्रजीच्या खालच्या पायरीवर ठेवू नयेत.

मागणाऱ्यानेही बांधून घेतले पाहिजे. हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतून २०२३ साली आठ हजारांहून अधिक लेख मागे घेतले गेले आणि त्यांतले बहुसंख्य विशेषांकांत आलेले होते. अतिथी संपादकाच्या हातात अधिकार दिला आणि त्याच्यावर कोणाची नजर नसली की काय होते, हे त्यातून दिसले. म्हणून आमचे सदस्य पुढील गोष्टी पाळतील. स्वतः संपादित केलेल्या विभागात प्रस्तावनेखेरीज एकापेक्षा जास्त लेख लिहिणार नाहीत आणि त्या लेखाचे परीक्षण नियतकालिकाच्या संपादकांकडे सोपवतील. आपले विद्यार्थी, मार्गदर्शक, सहलेखक यांचे लेख आले तर संबंध आधी जाहीर करतील. परीक्षकांची नावे लेखकांकडून मागवणार नाहीत. आवाहन सार्वजनिक काढतील, ओळखीच्यांपुरते ठेवणार नाहीत. विभागात महानगराबाहेरच्या महाविद्यालयांतल्या अभ्यासकांना आणि विद्यापीठाबाहेरच्या संशोधकांना जागा मिळेल असे पाहतील. आणि नाकारलेल्या प्रत्येक लेखाला कारणांसह उत्तर देतील.

या मागण्यांपैकी पहिली, दुसरी आणि सहावी यांवर आम्ही तडजोड करणार नाही. मुदत, निधी, कराराचे तपशील यांवर प्रत्येक नियतकालिकाच्या परिस्थितीप्रमाणे बोलायला तयार आहोत. संपादक मंडळांनी आणि विद्यापीठांनी सहा महिन्यांच्या आत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. तोवर आमचे सदस्य हाती घेतलेले विभाग पूर्ण करतील, लेखकांना वाऱ्यावर सोडणार नाहीत. मात्र नवा विभाग लेखी कराराशिवाय स्वीकारणार नाहीत. साधन-तपासनीसांची पहिली यादी मराठी, मोडी, उर्दू आणि पोर्तुगीज या क्रमाने तयार होत असून ती मागणाऱ्या कोणत्याही नियतकालिकाला विनामूल्य दिली जाईल.

आपले,
संघटनेच्या कार्यकारिणीचे सर्व सदस्य